फॉरमॅट मारायच्या आधी जरा थांबा

वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटरमध्ये घुसलेलं नको ते सॉफ्टवेअर

या महिन्यात आलेली पत्रं आणि मेसेज एका जागी ठेवून वाचले तर खानापूर काय, निपाणी काय, शहापूर-वडगाव काय, सगळीकडून एकच तक्रार, कॉम्प्युटरमध्ये आपण न बोलावलेलं काहीतरी येऊन बसलंय आणि काढलं तरी जाईना. आणि बहुतेकांनी शेवटी लिहिलंय की दुकानवाला म्हणतोय फॉरमॅट मारायला लागतंय, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं घालायला लागतंय. मी बेळगावात इतकी वर्षं हीच दुरुस्तीची कामं करतोय आणि हे वाक्य ऐकलं की मला अजून त्रास होतो, कारण माझ्या बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो असेच एका दुकानात फॉरमॅटमध्ये गेले, तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं, आणि नंतर कळलं की त्या मशीनमध्ये जाहिराती दाखवणारं एक साधं ॲडवेअर होतं, अर्ध्या तासात निघालं असतं. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून याच प्रश्नांची उत्तरं सविस्तर देतोय.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, खानापूर तालुक्यात राहतो. नातवाच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मला फोटो ५० केबीच्या आत पाहिजे होता म्हणून त्याने नेटवरून फोटो लहान करायचं फ्री सॉफ्टवेअर घातलं. त्या दिवसापासून क्रोम उघडलं की गूगल येतच नाही, कुठलंतरी वेगळंच सर्चचं पान येतं, जिथं क्लिक करावं तिथं जाहिरात. सेटिंगमध्ये जाऊन गूगल लावलं तर दुसऱ्या दिवशी परत तेच. हा व्हायरस आहे का? बँकेचं काम याच कॉम्प्युटरवर करतो, भीती वाटते.

उत्तर : गुरुजी, आधी घाबरू नका, पण ते जाईपर्यंत बँकेचं काम या मशीनवर करू नका, एवढं पाळा.

व्हायरस म्हणजे जो स्वतःची कॉपी काढत एका फाईलवरून किंवा डिस्कवरून दुसरीवर जातो तो. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'ब्रेन' १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिला, तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जायचा. तुमच्याकडं जे आलंय ते तसं स्वतः चालत आलेलं नाही, त्याला ब्राउझर हायजॅकर म्हणतात, म्हणजे ब्राउझर ताब्यात घेणारं. आणि त्याला आत घेतलंय आपणच, फक्त आपल्याला न कळता. होतं कसं बघा. 'फोटो रिसाईझ फ्री डाउनलोड' असं शोधलं की वरची एक-दोन नावं बऱ्याचदा जाहिरातीची असतात, त्यावर बारीक अक्षरात स्पॉन्सर्ड लिहिलेलं असतं. त्या पानावर हिरवं मोठं डाउनलोडचं बटण असतं ते पण जाहिरातच, खरी लिंक खाली कुठंतरी छोटी असते. मग जी फाईल उतरते ती फोटोच्या सॉफ्टवेअरची नसून त्याच्याभोवती गुंडाळलेला दुसराच इन्स्टॉलर असतो, त्यात 'एक्सप्रेस' आणि 'कस्टम' असे दोन पर्याय, एक्सप्रेसपुढं रेकमेंडेड लिहिलेलं, आणि कस्टमवर गेल्याशिवाय दिसतच नाही की तीन-चार चौकोनांत आधीच टिक मारून ठेवलीय, सर्च बदला, टूलबार घाला, पीसी फास्ट करणारं अमुक घाला. पोरं नेक्स्ट नेक्स्ट करत जातात, मोठी माणसं पण तेच करतात, मी पण एकेकाळी तेच करत होतो. हे बनवणाऱ्याला प्रत्येक इन्स्टॉलमागं कमिशन मिळतं आणि तुमचं सर्च त्याच्या पानावरून गेलं की जाहिरातीचे पैसे मिळतात, म्हणून तो सहजासहजी निघणार नाही अशी सोय करून ठेवतो. तुम्ही गूगल लावलं तरी परत येतं ते त्यामुळंच, तुम्ही फळ तोडताय, मूळ दुसरीकडं आहे.

आता काढायचं कसं. नातवाला शेजारी बसवा आणि सावकाश करा. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅम्स अँड फीचर्स उघडा, तिथं 'इन्स्टॉल्ड ऑन' म्हणून रकाना असतो त्यावर क्लिक केलं की तारखेप्रमाणं यादी लागते, ज्या दिवशी तो फोटोचा प्रोग्रॅम घातला त्याच तारखेचे बाकीचे प्रोग्रॅम बघा. त्याच दिवशी आलेले आणि तुम्ही न मागितलेले दोन-तीन तरी दिसतील. ते अनइन्स्टॉल करा, पण तिथंही सावध राहा, अनइन्स्टॉल करताना 'ठेवायचं का' असं उलटसुलट विचारतात आणि मोठं बटण ठेवायचं असतं, त्यामुळं वाचून दाबा. मग क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, उघडा, ओळखीचं नसेल ते रिमूव्ह करा. काढायचं बटणच दिसत नसेल किंवा क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत खाली 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं लिहिलेलं असेल तर घरच्या कॉम्प्युटरवर ते असायचं काही कारण नाही, म्हणजे त्यानं तिथं पॉलिसी, म्हणजे तुम्हाला बदलता येऊ नये असा नियम, घालून ठेवलीय. मग डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं 'टार्गेट' च्या ओळीत क्रोमच्या फाईलच्या नावापुढं एखाद्या वेबसाइटचा पत्ता जोडलेला आहे का बघा, असला तर तेवढाच पुसा. ही जागा दुकानवाले पण बघत नाहीत आणि मग म्हणतात जातच नाही.

यानंतर मालवेअरबाइट्स कंपनीचं ॲडवक्लीनर म्हणून छोटं फुकट टूल आहे, ते त्यांच्याच साइटवरून घ्या, दुसऱ्या कुठल्या डाउनलोडच्या साइटवरून नको, नाहीतर ज्या रोगासाठी औषध आणायला गेलो तोच रोग घेऊन यायचो. ते चालवा, शोधलेलं क्वारंटाइन करा म्हणजे वेगळं कोंडून ठेवा, रीस्टार्ट करा. पॉलिसी, शेड्युल्ड टास्क म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, असल्या लपलेल्या जागा तेच बघतं. शेवटी विंडोज सिक्युरिटी या विंडोजमधल्याच अँटीव्हायरसमधून एक फुल स्कॅन, आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये 'रीसेट सेटिंग्ज', त्यानं बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत, सर्च आणि होमपेज जाग्यावर येतात आणि एक्स्टेन्शन बंद होतात. एक गोष्ट बरेच जण विसरतात, नातवाचं गूगल अकाउंट त्या क्रोममध्ये लॉगिन असेल आणि सिंक चालू असेल तर तेच एक्स्टेन्शन त्याच्या दुसऱ्या लॅपटॉपवर पण गेलेलं असणार आणि तिथून परत तुमच्याकडं येणार, म्हणून दोन्हीकडं काढा.

विंडोज सिक्युरिटीमध्येच 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' आणि त्यात 'रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन' आहे, तिथं नको असलेली ॲप अडवायचं बटण बंद असेल तर चालू करा. मायक्रोसॉफ्टनं हे बटण २०२० च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटमध्ये दिलं. आणि फोटो लहान करायला काहीही डाउनलोड करायची गरज नाही गुरुजी, विंडोजमधल्या पेंटमध्येच रिसाईझ आहे, पिक्सेल कमी करा, जेपीजीमध्ये सेव्ह करा, केबी आपोआप उतरतात.

प्रश्न : दादा, निपाणीत आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान हाय. गिऱ्हाइकाचा पेनड्राईव्ह लावला की त्यातल्या सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट होत्यात, आणि आता आमचा कुठलाबी चांगला पेनड्राईव्ह लावला तरी तेच. गिऱ्हाईक आमच्यावर खेकसतंय की तुमच्या दुकानात माझ्या फायली गेल्या. मशीन विंडोज ७ चं हाय, मराठी टायपिंगच्या श्रीलिपीचं जुनं व्हर्जन त्याच्यावरच चालतंय म्हणून बदललं नाही. फायली खरंच गेल्या काय?

उत्तर : नाही गेल्या. पहिल्यांदा गिऱ्हाइकाला हे सांगा, आणि तोपर्यंत कुणीही तो पेनड्राईव्ह फॉरमॅट करू नका.

तुमच्या धंद्याची अडचण मला चांगली कळते. आपल्या भागात एका माणसाच्या एका पेनड्राईव्हमध्ये श्रीलिपीतली मराठी लग्नपत्रिका असते, नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला अर्ज असतो, शिवाय फॉन्ट. फॉन्ट नसले की समोर नुसती चिन्हं दिसतात म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, पेनड्राईव्ह घेऊन माणूस या दुकानातून त्या दुकानात फिरतो आणि किडा त्याच्याबरोबर फिरतो. जत्रेत साथ पसरते तसंच.

हा किडा करतो काय, तर तुमच्या खऱ्या फोल्डरना 'हिडन' आणि 'सिस्टिम' अशा दोन्ही खुणा लावून लपवतो आणि त्याच नावाचे, फोल्डरचंच चित्र असलेले शॉर्टकट बाहेर ठेवतो. काही जातींत तर सगळ्या फायली एका नाव नसलेल्या फोल्डरमध्ये ढकलतात, म्हणजे नावाच्या जागी दिसत नाही असं एक अक्षर असतं. तुम्ही शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी लपलेली स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, चालते, ती तुमच्या मशीनमध्ये बसते, आणि लगेच खरं फोल्डर पण उघडून दाखवते, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. मशीनमध्ये बसल्यावर ती नवा पेनड्राईव्ह कधी लागतोय त्याची वाट बघत असते. पूर्वी एवढं क्लिक पण करायला लागत नव्हतं. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला कॉनफिकर नावाचा किडा पेनड्राईव्ह नुसता लावला की ऑटोरनमधून, म्हणजे आपोआप चालू व्हायच्या सोयीतून, सुटायचा, मग २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अपडेट देऊन पेनड्राईव्हचं ऑटोरन बंद केलं, आणि हे बनवणाऱ्यांनी शॉर्टकटची युक्ती धरली, म्हणजे मशीन चालवत नाही तर माणसाकडूनच चालवून घ्यायचं. गमारू म्हणजे अँड्रोमेडा नावाचं याच पद्धतीनं पसरणारं एक मोठं जाळं होतं, ते २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये युरोपातल्या पोलिसांनी आणि एफबीआयनं मिळून बंद पाडलं, पण ही युक्ती अजून जिवंत आहे.

ओळखायचं सोपं, एक्सप्लोररमध्ये 'डिटेल्स' व्ह्यू लावा, फोल्डरपुढं टाईप म्हणून 'शॉर्टकट' दिसतं आणि साइज एक-दोन केबी. फोल्डरला साइज दिसत नसते.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका, आधी मशीन, मग पेनड्राईव्ह. उलटं केलं तर तुम्ही पेनड्राईव्ह साफ करताय आणि मशीन परत घाण करतंय, असं दिवसभर चालेल. सगळे पेनड्राईव्ह काढा. टास्क मॅनेजरमध्ये 'डब्ल्यूस्क्रिप्ट' नावाचं काही चालू दिसलं तर ते बंद करा, विंडोज ७ मध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून स्टार्टअपच्या यादीत न ओळखीचं, विशेषतः ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरमधून चालणारं जे असेल त्याची टिक काढा. मग सेफ मोडमध्ये चालू करून, म्हणजे सुरू होताना एफ ८ दाबत राहून, अपडेट केलेल्या अँटीव्हायरसनं पूर्ण स्कॅन. मशीन साफ झालं की पेनड्राईव्ह लावा, फोल्डर ऑप्शनमध्ये हिडन फायली दाखवा आणि त्याच्या खालची 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्स' लपवायची टिक पण काढा, ही दुसरी टिक काढली नाही तर काही दिसणार नाही. आता फिकट रंगाची खरी फोल्डरं दिसतील. त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये हिडनची टिक काढायला गेलात तर ती टिक हलतच नाही, कारण सिस्टिमची खूण लागलीय, तिथं अडकून बसू नका, फोल्डर उघडा, आतलं सगळं निवडा आणि मशीनवर नवीन फोल्डर करून त्यात कॉपी करा. सगळं आलं याची गिऱ्हाइकासमोर खात्री करा आणि मगच पेनड्राईव्ह फॉरमॅट करून फायली परत भरा. इथं फॉरमॅट बरोबर आहे, कारण माल आधी बाहेर काढलाय.

केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, त्यांच्या साइटवर फुकटची साफसफाईची टूल आहेत आणि पेनड्राईव्हवर नियंत्रण ठेवणारं यूएसबी प्रतिरोध पण आहे, दुकानाला ते उपयोगी पडेल.

आता विंडोज ७ बद्दल मनापासून सांगतो. त्याचे नेहमीचे फुकटचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरनं दीडशे देशांतली मशीन बंद पाडली तेव्हा जास्तीत जास्त मशीन विंडोज ७ चीच होती, आणि ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं, ज्यांनी घातलं नाही ते सापडले. तुम्हाला आता अपडेट येणारच नाही. श्रीलिपीसाठी ते मशीन ठेवा, पण त्याची इंटरनेटची वायर काढा. गिऱ्हाइकाचे पेनड्राईव्ह लावायला एक जुनं पडून असलेलं मशीन घ्या आणि त्यावर उबुंटू घाला, फुकट आहे, विंडोजचे हे किडे त्यावर चालत नाहीत आणि लपवलेलं फोल्डर तिथं आपोआप उघडं दिसतं. तिथून फक्त लागणारी फाईल, पीडीएफ किंवा कार्डाची, एका स्वतःच्या पेनड्राईव्हवर घेऊन कामाच्या मशीनवर न्यायची. पहिला आठवडा जड जाईल, पोरांना सवय झाली की झालं.

प्रश्न : सर मी बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, डिझाईनचं सॉफ्टवेअर लागतं म्हणून टेलिग्रामवरून क्रॅक म्हणजे चोरीची फुकट कॉपी घेतली. त्यात लिहिलं होतं अँटीव्हायरस बंद करा मगच चालेल. चाललं पण आणि एका तासात सगळ्या फायलींच्या नावापुढं चार विचित्र अक्षरं लागली, एकही उघडत नाही, प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी म्हणून फाईल आहे, त्यात ९८० डॉलर मागितलेत, ७२ तासांत दिले तर ४९०. प्रोजेक्ट त्यातच आहे. काय करू?

उत्तर : तू जे लिहिलंयस, चार अक्षरं, रीडमी, ९८० आणि ४९०, यावरून हे स्टॉप किंवा डेजेव्हीयू म्हणतात त्या घराण्यातलं रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर आहे, आणि ते पसरतंच मुख्यतः क्रॅक आणि ॲक्टिव्हेटरमधून. पैसे देऊ नकोस. दिले तर चावी मिळेलच असं नाही.

आता ऐक. लॅपटॉपचं वायफाय बंद कर आणि मोबाईलवरून तुझे सगळे पासवर्ड बदल, मेल, बँक, इन्स्टा, सगळे, आणि सगळीकडून लॉगआउट कर, कारण या घराण्याबरोबर पासवर्ड चोरणारं दुसरं सॉफ्टवेअर पण बऱ्याचदा उतरतं, ते ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड काही मिनिटांत पाठवून मोकळं होतं. हे काम फायलींच्या पण आधी कर. त्यानंतर कुलूप लागलेल्या फायली आणि ती रीडमी जशीच्या तशी एका बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करून ठेव, पुसू नकोस. रीडमीत खाली तुझा पर्सनल आयडी आहे, त्याची शेवटची दोन अक्षरं 'टी १' असतील तर ती ऑफलाइन चावी आहे, म्हणजे त्या वेळी त्याला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही म्हणून त्यानं सगळ्यांना एकच असलेली चावी वापरली, आणि अशा चाव्या सापडतात. एम्सिसॉफ्ट कंपनीनं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये याचं फुकट डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडणारं टूल, काढलं, तेव्हाच त्यात १४८ प्रकार धरलेले होते. 'नो मोअर रॅन्सम' ही युरोपोल या युरोपच्या पोलीस संस्थेनं २०१६ मध्ये इतरांबरोबर सुरू केलेली साइट आहे, तिथून ते मिळेल. आयडी ऑनलाइनवाला असेल तर आज उघडणार नाही, म्हणूनच कॉपी जपून ठेव म्हणतोय. आणि एक, हे सॉफ्टवेअर घाईत असतं, प्रत्येक फाईलचा सुरुवातीचा सुमारे १५० केबीच भाग बिघडवतं, त्यामुळं मोठे व्हिडिओ आणि मोठ्या झिप फायली दुरुस्तीच्या टूलनं बऱ्याचशा परत येऊ शकतात. प्रोजेक्टच्या कॉपी मेलमध्ये पाठवलेल्या, मित्राकडं दिलेल्या, गाईडला दाखवलेल्या, सगळ्या आठव आणि गोळा कर. तुझ्या लॅपटॉपला मात्र आता फॉरमॅटच लागेल, तू स्वतः अँटीव्हायरस बंद करून त्याला पूर्ण अधिकार दिलेस, आत काय काय ठेवलंय याची खात्री कुणी देणार नाही.

ऑटोकॅड विद्यार्थ्यांना ऑटोडेस्ककडून फुकट मिळतं, कॉलेजचं ओळखपत्र लागतं. ऑफिससाठी लिबरऑफिस आहे, चित्रांसाठी इंकस्केप आणि जिम्प आहे, कन्नडसाठी नुडी सरकारचंच आहे, फुकट आहे. यासाठी कुणाला चोरी करायची गरज नाही रे.

प्रश्न : शहापूरहून लिहितेय. घरी साड्यांचा छोटा व्यवसाय आहे. लॅपटॉप चालू केला की उजव्या कोपऱ्यात खाली सारखं 'पाच व्हायरस सापडले, आत्ता साफ करा' असं येतं, ब्राउझर बंद असला तरी. अँटीव्हायरस म्हणतो काहीच नाही.

उत्तर : ताई, अँटीव्हायरस खरं बोलतोय. कुठल्यातरी साइटवर 'मी रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' असं आलं असणार आणि तुम्ही अलाऊ केलं, म्हणजे त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिली. त्या जाहिराती आहेत, व्हायरस नाहीत. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथं अलाऊच्या यादीत जी नावं ओळखीची नाहीत ती काढा, पाच मिनिटांचं काम. तुम्ही एज वापरत असाल तर त्यात पण हीच यादी आहे. त्या खिडकीतल्या साफ करा वर मात्र एकदाही क्लिक करू नका, केलं असेल तर वर गुरुजींना सांगितलंय तसं तारखेप्रमाणं प्रोग्रॅम बघा.

प्रश्न : संकेश्वरात किराणाचं होलसेल दुकान आहे. जीएसटीचं काम करताना अचानक सगळा स्क्रीन लाल झाला, मोठ्यानं आवाज, इंग्लिशमध्ये 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, मायक्रोसॉफ्टला फोन करा'. फोन केला, त्यांनी एक ॲप घालायला लावलं, स्क्रीन त्यांनी चालवला, नंतर खात्यातून पैसे गेले. माझं खातं गडहिंग्लजच्या बँकेत आहे, म्हणजे महाराष्ट्रात, इथं तक्रार घेतील का? परवाचीच गोष्ट आहे.

उत्तर : हे पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोनवर कळवलंय, पण बाकीच्यांसाठी इथं पण लिहितो, कारण यात मिनिटं मोजायची असतात. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० हा फोन नंबर सगळ्या देशाला एकच आहे, खातं कुठल्या राज्यातलं आणि दुकान कुठल्या राज्यातलं याचा काही संबंध नाही. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत अडवायचे असतात म्हणून आधी हा नंबर आणि लगेच आपल्या बँकेचा नंबर, पोलीस स्टेशनला नंतर जायचं. कर्नाटकात जिल्ह्याला सीईएन पोलीस स्टेशन असतं, सायबरच्या तक्रारी तिथं घेतात, बेळगावात आहे. सीमाभागातल्या माणसाला इकडं गेलं की तिकडं जा, तिकडं गेलं की इकडं ये असं ऐकायची सवय झालीय, पण यात ते ऐकून परत येऊ नका, हद्द कुठलीही असली तरी झीरो एफआयआर घेता येतो आणि मग तो योग्य ठाण्याला पाठवतात. व्यवहाराचा नंबर, त्या माणसाचा फोन नंबर, स्क्रीनचे फोटो, जे असेल ते लिहून न्या.

तो लाल स्क्रीन म्हणजे एक साधी वेबसाइट होती, पूर्ण स्क्रीनभर उघडलेली, एवढंच. कॉम्प्युटर लॉक झालेला नव्हता. मायक्रोसॉफ्ट आपल्या कुठल्याही एरर मेसेजमध्ये फोन नंबर देत नाही. असं आलं की एस्केप बटण दाबून धरा, नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि परत उघडताना 'रिस्टोर पेजेस' म्हणेल तिथं नको म्हणा.

तुमच्या मशीनसाठी, त्यांनी घालायला लावलेलं एनीडेस्क किंवा जे असेल ते काढा. ते सॉफ्टवेअर स्वतः वाईट नाही, मी पण लांबच्या गिऱ्हाइकाचं मशीन त्यानंच बघतो, पण त्यांनी त्यात कायमचा पासवर्ड घालून ठेवला असेल तर तुम्ही नसताना पण ते आत येतील. अनइन्स्टॉल झालं की त्याच तारखेची बाकीची ॲप बघा, विंडोज सिक्युरिटीमधून 'ऑफलाइन स्कॅन' करा, तो मशीन रीस्टार्ट करून विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात, आणि बँकेचे, मेलचे, जीएसटीचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

प्रश्न : येळ्ळूरहून. दुकानदार फॉरमॅटच म्हणतोय, दुसरा पण तेच म्हणतोय. कधी मारायचा आणि कधी नाही ते एकदा सांगा की.

उत्तर : सांगतो. जाहिराती, सर्च बदललेलं, टूलबार, नोटिफिकेशन, पेनड्राईव्हचे शॉर्टकट, यासाठी नाही. क्रॅक चालवलाय, कुणी परक्यानं मशीन बराच वेळ चालवलंय आणि काय केलं माहीत नाही, किंवा ऑफलाइन स्कॅन करून, ॲडवक्लीनर चालवून पण तेच परत येतंय, अशा वेळी हो, मारावा, आणि मनाला लावून घेऊ नये. दुकानदार सगळेच लबाड नसतात, शोधत बसायला दोन तास लागतात आणि गिऱ्हाईक तेवढे पैसे देत नाही, फॉरमॅटला वेळ कमी, म्हणून तो तेच म्हणतो.

पण मशीन देण्याआधी घरीच कॉपी काढा. डॉक्युमेंट, फोटो, डाउनलोड, डेस्कटॉप, एवढं सगळ्यांना आठवतं, राहतात ते फॉन्ट, टॅलीचा डेटा आणि व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फायली, आणि ई-मेल आउटलुकमध्ये असेल तर त्याची फाईल. कॉपीत फक्त फोटो, कागद, हिशेब घ्या, सॉफ्टवेअरच्या सेटअप फायली घेऊ नका, नाहीतर किडा परत तुमच्याच हातानं आत येतो. श्रीलिपीसारखं विकतचं काही असेल तर त्याचा डोंगल म्हणजे कॉम्प्युटरला लावायची छोटी चावी आणि सिरियल नंबर शोधून हातात ठेवा. आणि दुकानात जायच्या आधी एकदा विंडोजचंच 'रीसेट धिस पीसी' बघा, रिकव्हरीत असतं, त्यात 'कीप माय फाईल्स' घेतलं तर तुमच्या फायली राहतात आणि प्रोग्रॅम सगळे निघतात, तरी कॉपी काढल्याशिवाय ते पण दाबू नका. विंडोज १० चे नेहमीचे फुकटचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, म्हणून मशीनला चालत असेल तर याच वेळी ११ घालून घ्या. दुकानातच द्यायचं झालं तर 'सी' आणि 'डी' दोन्हीचा फॉरमॅट करणार की फक्त 'सी' चा, हे विचारून पावतीवर लिहून घ्या, आणि बाकीची सॉफ्टवेअर घालून देतो म्हणाला तर क्रॅकवालं एकही नको असं तिथंच सांगा.